गोडनिंबाला घातलेल्या गोळ्या

आमच्या दारव्ह्याच्या गल्लीत माझ्या गोडनिंबासारखा गोडनिंब कुणाकडे नाही, हे मी वर्षानुवर्षं सगळ्यांना ऐकवत आले. पुण्याकडचे लोक त्याला कढीपत्ता म्हणतात. म्हणोत बापडे. कुंडीतलंच झाड, पण पान इतकं हिरवंगार की भाजीवाला थांबून विचारायचा, "बसंतीबाई, याले काय घालता वो?" मी सांगायची, ताक घालते, आणि हाताला गुण आहे. जन्मभर शाळेत शिकवल्यामुळे मला सगळंच खात्रीनं सांगायची सवय आहे.

गुण होता तो माझ्या भाडेकरणीच्या हाताला. साधना तिचं नाव. माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत ती आणि तिचा नवरा प्रफुल्ल राहतात. प्रफुल्ल बाजार समितीत मापारी आहे, सोयाबीन-तुरीची पोती मोजतो. साधना एसटीत कंडक्टर. खाकी ड्रेस, केसांचा घट्ट अंबाडा, खांद्यावर पैशाची बॅग, हातात तिकिटाचं मशीन. गर्दीत शिरली की तिचा आवाज अख्ख्या गाडीला पुरतो. घरी मात्र एवढीशी होऊन बोलते. मला ती मावशी म्हणते. आमचा बंजाऱ्यांचा तांडा नेरकडे, तिचं सासर त्याच बाजूला, तेवढं पुरलं आम्हाला जवळ यायला.

तिचं लग्न झालं आणि नोकरी लागली, एकाच वर्षी. तेव्हा मूल नको होतं, म्हणून तिनं गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण पुढं त्या गोळ्यांचं काम बदललं. तिची फेरी असायची आतल्या गावांची. सकाळी निघालं की दुपार टळेपर्यंत गाडीत. पुरुषांना रस्त्यावरचं कुठलंही झाड चालतं. बाईला आडोसा मिळेल अशी जागा त्या वाटेवर नव्हती. पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका. नोकरीला लागल्यावर एकदा तिच्या ड्रेसला डाग लागला होता आणि मागच्या सीटवरची पोरं हसली होती. ते तिला इतकं लागलं होतं की सांगताना अजून तिचा चेहरा उतरायचा.

मग तिच्याबरोबरच्या एका जुन्या कंडक्टर बाईनं युक्ती सांगितली. पाकिटात गोळ्या दोन रंगांच्या असतात. पांढऱ्या खायच्या. त्या संपल्या की तपकिरी येतात, त्या खाताना पाळी येते. तर तपकिरी सोडून द्यायच्या आणि लगेच नव्या पाकिटातल्या पांढऱ्या सुरू करायच्या. पाळीच येत नाही. तपकिरी गोळ्या नुसत्या भरतीच्या असतात, बाई म्हणाली.

साधनानं युक्ती धरली. पाळी गेली, डागाची भीती गेली. पण तिच्या हातून अन्नाचा कण वाया जात नाही, तर गोळ्या कचऱ्यात कशा जातील? कुणीतरी तिला सांगितलं होतं की जुन्या गोळ्या झाडाला चांगल्या. तिनं त्या माझ्या गोडनिंबाला घातल्या. दर पाकिटाच्या. मला न सांगता. आणि मी इकडे ताकाचं कौतुक करत बसले.

तिशी ओलांडली तशी साधनाला मूल हवंसं वाटू लागलं. प्रफुल्लला तर आधीपासूनच हवं होतं, पण तो पोरगा मोठा समजूतदार, तोंडातून शब्द काढायचा नाही. एक दिवस ती माझ्या घरापुढच्या ओट्यावर येऊन बसली.

"मावशी, मी आता गोळ्या बंद कराव म्हणतो. पण इतके वर्ष खाल्ल्या ना. शरीर आधी तयार करा लागते म्हणतात. साफ करा लागते."

"कोन म्हणते?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे म्हनजे डॉक्टर नाई. चाल, उद्या जाऊ."

तुरीचा हंगाम होता, प्रफुल्लला सुटी मिळेना, म्हणून मीच तिच्यासोबत गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण ऐकून घेणाऱ्या. साधनानं सगळं खालमानेनं सांगितलं. सलग गोळ्या खाल्ल्या, पाळी येऊ दिली नाही, आता पोट खराब तर झालं नसेल?

"नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सलग घेतल्यानं गर्भाशय बिघडत नाही. गोळी शरीरात साचूनही राहत नाही, बंद केली की निघून जाते. गोळी सोडायला तयारी लागत नाही. तयारी करायची ती बाळासाठी."

मग त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. रक्त फारच कमी होतं. त्यांनी साधनाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"पाकिटात लोहाच्या गोळ्या असतात, त्या घेत नव्हता का?"

"लोहाच्या? कोनत्या?"

"तपकिरी."

साधनानं माझ्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "त्या मी मावशीच्या गोडनिंबाले घातल्या."

"सगळ्या?"

"हो."

डॉक्टरीणबाईंनी तोंडाला रुमाल लावला. मला हसू यायच्या आधी राग आला. एवढी शिकलेली, हिशोबात पक्की पोरगी, आणि आपल्या वाटचं झाडाला घालून स्वतः पांढरीफटक फिरत होती! आणि झाड माझं, म्हणून त्याची टवटवी मी गल्लीभर मिरवत होते. नंतर मात्र आम्ही दोघी दवाखान्याच्या पायरीवर बसून इतक्या हसलो की कंपाउंडर बघायला बाहेर आला.

डॉक्टरीणबाईंनी तयारी सांगितली ती साधीच. लोहाच्या गोळ्या घ्या, चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आतापासूनच सुरू करा. डबा वेळेवर खा. पाणी प्या. रक्त भरलं की चालू पाकीट संपवा आणि थांबा. थांबल्यावर लगेच थोडं अंगावरून जाईल, ते गोळीमुळे, त्याला पाळी समजू नका. तुमची स्वतःची पाळी त्यानंतर येईल. कुणाला महिन्यात येते, कुणाला दोन-तीन महिने लागतात. ती आली की शरीर आपल्या तालावर आलं असं समजायचं.

यातलं सगळं साधनानं मुकाट्यानं केलं. मेथी, शेवगा, गूळ-शेंगदाणे, सगळं. अडलं ते पाण्यापाशी. बाटली भरून न्यायची आणि भरलेलीच परत आणायची.

"पानी पेलं त जा लागते ना, मावशी," ती म्हणाली. "जाऊ कुठी?"

"गाडी थांबव."

"माह्यासाठी?" मी काही भलतंच बोलले असं तिनं माझ्याकडे पाहिलं. "अख्खी गाडी लोकायनं भरली रायते."

मी चिडून आत निघून गेले. हीच बाई एखाद्या पोराला उलटी होते म्हणून, म्हाताऱ्याला लघवीला जायचं म्हणून, कुणाची कोंबडी खिडकीतून उडाली म्हणून गाडी थांबवते. दोरी ओढून एक घंटी दिली की ड्रायव्हर थांबतो, दोन दिल्या की निघतो. एवढ्या वर्षांत स्वतःसाठी तिनं ती दोरी एकदाही ओढली नव्हती.

रक्त भरलं. गालांवर रंग दिसू लागला. पाकीट संपलं आणि तिनं गोळ्या थांबवल्या. सांगितल्याप्रमाणे थोडं अंगावरून गेलं, ते नेमकं सुटीत. त्यानंतर वाट पाहणं सुरू झालं.

एक महिना गेला. काही नाही. दिवस गेले असतील या आशेनं तिनं घरच्या घरी तपासून पाहिलं. तेही नाही. त्यात प्रफुल्लच्या तोंडून गोळ्यांची गोष्ट त्याच्या आईपाशी निघाली आणि नलूबाई गावाहून काढ्याची बाटली घेऊन हजर झाल्या. मला वाटलं, आता भांडण होणार. मी पदर खोचून तयारच होते. पण नलूबाई भांडल्या नाहीत. त्यांनी सुनेच्या केसांवरून हात फिरवला.

"तुहा काय दोष, माय. मीच म्हटलं होतं, नोकरी सांभाळ. मले कुठी माहीत का ह्या गोळ्यायनं पोट करपते म्हून."

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं, असल्या मायेला काय उत्तर देणार? त्या गेल्या आणि साधना पायरीवर बसून रडली.

"डॉक्टर म्हणते काही होत नाई. पन मंग येत काहून नाई, मावशी? एका डागाच्या भेवानं मीच माह्या हातानं लेकरू घालवलं का?"

मी तिला जवळ घेतलं. मग उठले आणि काढ्याची बाटली गोडनिंबाच्या कुंडीत ओतली. त्याला आता सवय होती. ती रडता रडता हसली, पण रात्रीचं जेवली नाही.

दुसरा महिनाही जायला आला. साधना गप्प झाली. गाडीत आवाज लावायची तेवढाच, घरी तोही नाही.

अशात मला नेरला बहिणीकडे जायचं होतं. मी मुद्दाम साधनाचीच फेरी धरली. ड्रायव्हर देवसिंग होता, आमच्याच समाजाचा, कमी बोलणारा आणि वेळेचा पक्का. गाडी वाटेत थांबलेली त्याला खपत नाही. बाजाराचा दिवस, त्यामुळे गाडी खचाखच भरलेली. साधना तिकिटं देत मागून पुढे सरकत होती. माझ्या सीटच्या पुढे गेली आणि मला दिसलं. तिच्या खाकी कमीजवर, मागे, डाग होता. चांगला मोठा.

मागच्या बाकावर कॉलेजची पोरं होती. ज्या गोष्टीला ही पोरगी एवढी वर्षं भ्याली, ती आज भर गाडीत झाली होती. मी तिला हात धरून खाली ओढलं आणि कानात सांगितलं.

ती क्षणभर ताठ झाली. हात मागे नेला, बोटं पाहिली. आता ही रडेल, म्हणून मी माझी शाल काढू लागले. तर तिचे डोळे भरलेले आणि तोंडभर हसू!

"मावशी," ती म्हणाली, "आली वो. माही आली."

"हो माय, आली," मी म्हटलं. मी शाल पुढे केली. पण तिनं ती घ्यायच्या आधी हात वर नेला आणि दोरी ओढली. एक घंटी.

देवसिंगनं गाडी कडेला घेतली आणि मागे वळून पाहिलं. तिथं स्टॉप नव्हता. थोड्या अंतरावर एका तांड्याची घरं दिसत होती, बस्स.

"कोन उतरते इथं?"

"मी उतरतो, देवसिंगभाऊ," साधना म्हणाली. आवाज तोच, अख्ख्या गाडीला पुरणारा. "मले जा लागते. थांबा जरा."

पैशाची बॅग तिनं माझ्याकडे दिली नाही, खांद्यालाच ठेवली, तेवढी ती पक्की आहे. शाल कमरेला गुंडाळून ती उतरली, मागोमाग मी. पहिल्याच घराच्या अंगणात गंगी नावाची बाई भांडी घासत होती. मी तिला आमच्या गोरबोलीत दोन वाक्यांत सांगितलं. तिनं काही विचारलं नाही. संडासाचा पत्र्याचा दरवाजा दाखवला, बादलीभर पाणी दिलं, आणि दोरीवरची धुतलेली जुनी सुती साडी फाडून साधनाच्या हातात दिली.

मी परत गाडीपाशी आले तर आत कुरकुर सुरू झाली होती. एक धोतरवाला बाबा खिडकीतून ओरडत होता, "काहून थांबली गाडी? बजार उठून जाईन ना!"

देवसिंगनं किल्ली फिरवून इंजिनच बंद केलं.

"ताई उतरली हाये," तो म्हणाला. "येईन तवा जाऊ."

साधना सावकाश आली. शाल कमरेला होतीच, ती तिनं लपवली नाही. मागच्या बाकावरचं एक पोरगं उठलं आणि बसा म्हणालं. ती बसली नाही. दाराशी उभी राहून तिनं बाटलीचं झाकण काढलं आणि सगळ्यांसमोर, मान वर करून, घटाघटा पाणी प्याली. अर्धी बाटली संपवली. मग तोंड पुसलं आणि दोन घंट्या दिल्या.