काकांच्या गाडीतलं घड्याळ

बॅटरीचं दुकान टाकलं की गिऱ्हाइकांबरोबर किस्सेही येतात राव! जुनी बॅटरी भंगारवाला उचलून नेतो, किस्से मात्र दुकानातच पडून राहतात.

विंचूरचा एक शेतकरी दादा आला. त्याची जीप वर्षभर धक्क्यावरच चालू होत होती.

"मग आज एकदम नवी बॅटरी?"

"धक्का मारणारी दोन्ही पोरं पुण्याला नोकरीला लागली ना भाऊ! आता म्या ढकलू का गाडी चालवू?"

हसत होता, पण घर लय सुनं झालंय म्हणाला.

*

शाळेतल्या एक मॅडम. मिस्टर वारले, तेव्हापासून गाडी दारात उभी. बॅटरी सारखी उतरायची.

"मॅडम, रोज नुसती चालू करून बंद केलीत तर उतरणारच. चालवत जा."

"मला कुठं येतंय चालवता! सकाळी ह्यांचा निघायचा आवाज ऐकायचा असतो."

आता बोला!

दोन महिन्यांनी मॅडम स्वतः गाडी घेऊन हजर, मागे लाल 'एल' लावून. "बघा, चालवतेय! आता आवाज अख्ख्या कॉलेज रोडला ऐकू जातो!"

*

आमच्याकडे एक पद्धत आहे. नवी बॅटरी बसली की मी जोरात हॉर्न मारतो. त्याशिवाय गाडी सोडत नाही.

शिरसाठ काकांची बॅटरी फुगली होती. सेल्फ मारला की गाडी नुसती कण्हायची. तरी बदलू देईनात.

"बॅटरी काढली की घड्याळ जातं ना? पोरानं कॅनडाला जाताना स्वतःच्या हातानं लावलंय ते. तिकडच्या टायमावर."

पोरगा गेला तो अजून आलेला नाही.

"काका, ही आपोआप मेली तरी घड्याळ जाणारच की! त्यापेक्षा मी दुसरी बॅटरी वायरनं जोडून ठेवतो. करंट तुटणार नाही."

कसेबसे तयार झाले. काचेला नाक लावून घड्याळाकडे बघत उभे. जुनी निघाली, नवी बसली, वायर काढली.

घड्याळ चालू! आपल्याकडे सकाळचे साडेअकरा, त्यात रात्रीचे दोन.

खुशीत मी हॉर्नकडे हात नेला. काकांनी तो गपकन धरला.

"अहो, नको! झोपला असेल तो."