नवसागराची चिमूट

रेशनच्या मशिनला कल्हईवाल्या चाचांचा अंगठा कधीच पटला नाही. उभ्या जन्मात तापलेली भांडी पुसून पुसून त्यांच्या बोटांवरच्या रेघाच गेल्या होत्या. दुकानदार पुन्हा पुन्हा अंगठा ठेवायला लावायचा आणि चाचा रांगेकडे वळून म्हणायचे, "रेघा समद्या कर्जतकरांच्या पातेल्यात गेल्या. तिथं लावा मशीन."

कर्जतला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्याच पत्र्याखाली चाचा भाता घेऊन बसायचे. घरोघरी स्टील आलं तसं त्यांचं काम आटत गेलं. शेवटी शेवटी लग्नसराईत आचाऱ्यांची पातेली तेवढी यायची, मग तीही थांबली. मुलगी काष्टीला दिलेली. ती सारखी म्हणायची, इकडं येऊन राहा. चाचांना ते मरणाहून नकोसं होतं. "हाताला काम असलं तर घास गोड लागतो, भाऊ. पोरीच्या दारात बसून काय खायचं?"

साठीला टेकलेला हा माणूस मोबाईल दुरुस्ती शिकणार म्हणाला, तेव्हा मी पोट धरून हसलो. त्यांनी मनावर घेतलं नाही. "त्यात बी कथीलच लावायचं हाय. आन् आग मला वळखीची हाय."

मग हाल सुरू झाले. स्क्रू मातीत पडले की चाचा घरून पिठाची चाळण आणून माती चाळत बसायचे. टचस्क्रीन त्यांच्या निबर बोटांना दाद देत नसे, म्हणून शिकायचे व्हिडिओ मी लावून द्यायचो. भंगारातून आणलेले पहिले दोन फोन त्यांनी चक्क वितळवले. दर वेळी एकच बोलणं, "कल्हई तरी पयल्या दिशी कुठं बसली हुती?"

आणि एक दिवस जमलं. माझ्या जुन्या बटणांच्या फोनची चार्जिंगची पिन त्यांनी बसवली आणि फोन चालू झाला. चाचांनी सगळ्या गल्लीला भजी खाऊ घातली. इतका आनंदलेला माणूस मी फार कमी वेळा पाहिलाय. गल्लीतले आणखी चार-पाच फोन आले, तेही चालू झाले.

आठवडाभरात एकेक फोन बंद पडून परत आला. पेठेतल्या दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं तर आत सगळं हिरवंगार. कल्हई करताना तापल्या भांड्यात नवसागराची पूड टाकतात, त्याने भांडं साफ होतं आणि कथील धरतं. चाचांनी तीच चिमूट फोनमध्ये टाकली होती आणि तिने आतल्या तारा खाल्ल्या होत्या. "बापानं शिकवलं हुतं," ते पुटपुटले, "नवसागर न्हाई तर कथील धरत न्हाई."

गाव हसलं. मी हसलो नाही, त्याहून वाईट वागलो. चारचौघांत माझा तो बटणांचा फोन त्यांच्या पुढ्यात टाकला आणि म्हणालो, "ठेवा तुम्हालाच. पातेली घासायची सोडून नसते उद्योग!" चाचांनी फोन उचलून फडक्यात गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता काही हा माणूस येत नाही. ते आले. नवसागराची पिशवी गटारात रिकामी केली, फोनच्या कामात नवसागराऐवजी लावतात त्या पेस्टची डबी उघडली आणि मेलेल्या फोनांवर हात बसवायला लागले. उन्हाळाभर बसवला. बंद फोन त्यांच्या हातात जिवंत होताना मी डोळ्यांनी पाहिलेत. पण त्यांच्याकडे फोन द्यायला कोणी तयार नव्हतं. लोक त्यांच्यापाशी टेकायचे, त्यांचा चहा प्यायचे आणि फोन घेऊन पेठेत जायचे.

माझा नवा फोन बिघडला तेव्हा चाचांनी हात पुढे केला. "द्या की भाऊ. आता न्हाई चुकायचं."

"बघू, उद्या," मी म्हणालो आणि पेठेत गेलो.

दुसऱ्या दिवशी तो फोन माझ्या खिशात वाजला. चाचांनी मान वर केली, ऐकलं आणि पुन्हा खाली घातली. त्याच आठवड्यात त्यांनी बस्तान आवरलं आणि ते मुलीकडे गेले.

वर्षही काढलं नाही त्यांनी तिथं. गेल्याचं कळलं तेव्हा मी काष्टीला गेलो. मुलीने आतून एक फडकं आणून माझ्या हातात दिलं. आत माझा बटणांचा फोन होता. बटण दाबलं तर लागला. बॅटरी भरलेली.

"कधी दुरुस्त केला हा?"

"कर्जतलाच झाल्ता. इथं अब्बा रोज चार्जिंगला लावायचे. म्हनायचे, भाऊ न्यायला आले आन् बंद दिसला तर? त्ये गेल्यावर मीच लावती."

"मग मला कळवायचं तरी!"

"म्या म्हनलं हुतं," ती म्हणाली. "तर अब्बा म्हनले, आपनहून दिला तर भाऊ कौतुक करतील. त्यांनी मागितला तर इस्वास हाय म्हनायचा."

त्या वर्षात मी चारदा काष्टीच्या बाजाराला आलो होतो. तिचं घर बाजाराच्या वाटेवरच आहे.