बेटावर उतरवलेले पाहुणे

हे मी बायकोजवळही कधी बोललो नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते माझं मलाही नीट कळलेलं नाही.

इंदापूरकडचं आमचं गाव उजनीच्या पाण्याला लागून आहे. उन्हाळ्यात पाणी हटलं की मधे एक बेट उघडं पडतं, आणि सुरय पक्षी तिथं नुसत्या वाळूवर अंडी घालतात. नव्वदनंतर पुण्याची माणसं ती बघायला येऊ लागली. माझा धाकटा चुलतभाऊ दत्तू त्यांना नावेतून न्यायचा. नाव लांब थांबवायची, बेटावर पाय ठेवायचा नाही — हा नियम त्यानंच गावाच्या गळी उतरवला होता.

त्याला वल्हं धरायला कुणी शिकवलं? मी. आणि पाहुणे त्याला म्हणायचे 'दत्ताराव'. मला? 'अहो नाववाले'. हसाल तुम्ही — पण त्या 'राव'नं माझ्या पोटात दुखायचं. जेवण गोड लागायचं नाही.

एकदा दत्तू बायकोच्या बाळंतपणासाठी बारामतीला गेला होता. मागं त्याचे पाहुणे आले. मीच नेलं त्यांना. बेटाजवळ एक बाई म्हणाल्या, जरा उतरता आलं असतं तर! आणि मी — उतरवलं. भर दुपारचं ऊन. पक्षी डोक्यावर ओरडत राहिले, पाहुणे निवांत फोटो काढत राहिले. जाताना म्हणाले, "तात्याराव, मजा आली." बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू — फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कळलं. काही अंडी पायाखाली फुटली होती, बाकीची उन्हानं गेली. पक्षी उठले ते परत आलेच नाहीत.

दत्तू आल्यावर देवळात गाव बसलं. मी नेलं होतं हे सगळ्यांना ठाऊक. सरपंचआबांनी मलाच विचारलं, "नियम ठावं असून उतरवलं कसं?"

"दत्तूचंच पावणं हुतं," मी म्हणालो. "जाताना त्योच म्हणला, उतरवा."

साफ खोटं. दत्तू माझ्याकडं बघत राहिला. आता हा माझं बिंग फोडणार, असं मी धरूनच चाललो.

"तुमी म्हणताय म्हंजी म्हणलो आसंन, तात्या," तो म्हणाला. "बाळंतपणाच्या गडबडीत ध्यानात न्हाय माझ्या."

त्याला माझा नाही, स्वतःच्याच आठवणीचा संशय आला.

गावानं त्याची नाव बंद केली. बेटाचं काम मला दिलं. मी नाही म्हटलं नाही.