किल्लीशेजारचा पाना

आज ट्रंकेतून स्वेटर काढताना डांबरगोळ्यांचा वास आला आणि दहाएक वर्षांपूर्वी परदेशात, सेम्बावांगला राहत असतानाची आमची कार आठवली.

नवरा बोटीवर इंजिनिअर. चार महिन्यांसाठी निघायच्या आदल्या दिवशी तो कार बंद करून ठेवत होता, एखादी बोट गोदीत उभी करून ठेवावी तशी. टायरमध्ये जास्तीची हवा, सीटखाली उंदरांसाठी डांबरगोळ्या, स्टिअरिंगला त्याच्या सुबक अक्षरातली पाटी: ‘बॅटरी जोडल्याशिवाय चालू करू नये.’ मला लायसन्स मिळून जेमतेम महिना झाला होता. आणि मी त्या कोंदट कार पार्कमध्ये घामाघूम होऊन टॉर्च धरून उभी!

“काढताना निगेटिव्ह आधी,” बॉनेटखाली वाकून बॅटरीच्या वायरी पान्यानं सोडवत तो म्हणाला. “लावताना मात्र निगेटिव्ह शेवटी. नीट बघ.”

“बघून काय करू? तिला ओवाळू?”

त्यानं बॉनेट बंद केलं. घरी आल्यावर पाना पुसून त्यानं कारच्या किल्लीशेजारी हुकाला टांगला. पुढचे चार महिने मी लेकीला बसनं शाळेत नेलं. मी चालवू नये म्हणूनच कार बंद केली, या रागानं त्या पान्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

आज स्वेटर हातात धरून मी थबकले. परत आल्यावर बॅटरी तोच जोडणार होता, तर ती लावायची कशी हे मला कशाला दाखवलं?

तशीच बाहेर जाऊन विचारलं.

“तू चालवावीस म्हणून,” पेपरमधून मान वर न करता तो म्हणाला. “सांगितलं होतं की तेव्हा!”