लिंबाजीमामांचा बदाम

निरोप पोचला असं केव्हा म्हणायचं, याबद्दल लिंबाजीमामांचं मत पक्कं होतं. माणसानं दारात यावं, घोटभर पाणी प्यावं आणि तोंडानं सांगावं. "बाकी समदं वारं हाय," ते म्हणत. हे माझ्या आईचे एकुलते धाकटे भाऊ. नारायणगडाच्या पायथ्याच्या गावात राहत, शाळेची पायरी कधी चढले नाहीत. घरात कार्य निघालं की आमंत्रणाला स्वतः एस.टी.नं उमापूरला आमच्याकडे येत आणि आईच्या हातावर अक्षता ठेवून मगच चहाला हात लावत.

माझ्या धाकट्या भावाच्या, अंगदच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा अंगदनं पत्रिका फोनवर पाठवून दिली, तीही मामांच्या मुलाच्या. मामा लग्नाला आलेच नाहीत. आई दिवसभर मांडवाच्या तोंडाशी उभी होती. नंतर मी जाब विचारायला गेलो, तर उलट मलाच ऐकावं लागलं.

"मला कोन बलवलं?"

"मामा, फोनवर पत्रिका टाकली होती की."

"टाकतेत ती वैरण. जनावरापुढं. मानसाला हातात देतेत."

अंगदनं हे मनात धरलं. खरं सांगायचं तर मीही धरलं. भावाशी बोलणं तुटू नये म्हणून आई मात्र रडून रडून माझ्या मागे लागली, तेव्हा मी मामांना एक चांगला फोन घेऊन दिला. आता बहीणभावांना रोज एकमेकांचं तोंड दिसू लागलं. स्टेटस कसं बघायचं तेही शिकवलं. त्यात तेव्हा नवीनच सोय आली होती, खाली कोपऱ्यात बदाम असतो, तो दाबला की ज्याचं स्टेटस त्याला कळतं.

"बदाम कशापायी?" मामांनी विचारलं.

"आवडलं तर दाबायचा."

"आन न दाबता म्होरं गेलं तर? त्यानं दार उघडं ठिवलंय, आपुन मुक्यानंच जायाचं? का म्हून? राम राम तरी घालावा की."

त्या दिवसापासून मामा दिसेल त्या स्टेटसला बदाम देऊ लागले. पुढाऱ्याचा वाढदिवस, कुणाचा नवा ट्रॅक्टर, कुणाच्या आजीची श्रद्धांजली, सगळ्यांना सारखाच राम राम. मी शिकवतो त्या शाळेत, मास्तरांच्या खोलीत, मी हा किस्सा रंगवून सांगायचो आणि आम्ही पोट धरून हसायचो.

मग एका सकाळी आई गेली. चहा पिता पिता मान टाकली. सगळ्यांना फोन करत बसण्यापेक्षा मी स्टेटस केलं. वाढदिवसाच्या शुभेच्छा मी ज्या अ‍ॅपमध्ये तयार करतो त्यातलीच झेंडूच्या फुलांची चौकट घेतली, नातीच्या लग्नातला आईचा हिरव्या साडीतला हसरा फोटो लावला आणि खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं, की आई गेली, माती चार वाजता. ज्याचं नाव बघणाऱ्यांच्या यादीत येईल त्याला वेगळा फोन करायचा नाही, असं आम्ही दोघा भावांनी ठरवलं. अर्ध्या तासात मामांचं नाव आलं. शेजारी लाल बदाम.

अंगदनं माझा फोन चारचौघांसमोर नाचवला. "बघ दादा! बहीन मेली आन मामा बदाम देतोय. लग्नाचा राग आज काढला त्यानं."

मामांना वाचता येत नाही, हे मला माहीत होतं. त्यांचा बदाम म्हणजे काय, हेही त्या सगळ्या गर्दीत मला एकट्यालाच माहीत होतं. एक फोन लावायचा होता. मी लावला नाही. लग्नाचं शल्य होतं, आणि मामा एकदाचे चारचौघांत खोटे पडतायत हे मला, आई समोर निजलेली असताना, कुठेतरी बरं वाटलं.

आमच्यात बाई नवऱ्याआधी गेली, की तिच्या अंगावर भावानं आणलेलं लुगडं घालून तिला नेतात. वडील म्हणत राहिले, "थांबा रे, लिंबाजी लुगडं आनील." पाच वाजेपर्यंत थांबलो. मग अंगदनं दुकानातून साडी आणली आणि तीच आईला नेसवली.

मामा दुसऱ्या दिवशी सकाळी आले. त्यांच्या गावचा एक पाहुणा मातीहून परतताना संध्याकाळी त्यांच्या दारात थांबला होता, "तुमी दिसला न्हाईत" म्हणाला होता. मामांच्या पिशवीत हिरवं लुगडं होतं. ते मांडीवर घेऊन ते वडिलांसमोर बसले.

"फुलं दिसली. हासत व्हती. मला वाटलं अक्काचा वाढदिवस हाय," ते म्हणाले. "सुनंला हाक मारून लांबूनच दावलं, म्हनलं बग, आमची अक्का कशी नटलीय." मग लुगड्यावर हात फिरवत म्हणाले, "ह्ये आता कुनाला नेसवू?"

 अंगद उठून मागच्या दारानं निघून गेला. मी जागचा हललो नाही.

पुढे जिथं तिथं मामांना लोक विचारत, सख्ख्या बहिणीच्या मातीला कसे नव्हता? मामा सांगत, "पोरांनी कळवलं व्हतं. खोट माझ्यात. मला वाचता येत न्हाई." माझ्या देखत त्यांनी हे कितीदा तरी सांगितलं आणि मी खाली मान घालून ऐकलं.

एकदाच, मांजरसुंब्याच्या धाब्यावर आम्ही गाडीची वाट बघत बसलो होतो, तेव्हा त्यांनी विचारलं, "तुला तवा वाटलं आसंल न्हाई, मामा कसा आला न्हाई म्हनून?"

"वाटलं."

"मंग फोन लावायचा ऱ्हायला व्हय गडबडीत?"

"हो मामा. गडबडीत."

"आसतंय, आसतंय. मरनाच्या दिशी मानसाला काय सुचतंय?" असं म्हणून त्यांनी माझ्याच पाठीवरून हात फिरवला.

मामा गेल्या वर्षी वारले. त्यांना खरं सांगायचं राहून गेलं, असं मी म्हणणार नाही. मी सांगितलं नाही.