पूर्णाच्या बारशाची गोष्ट

आमच्या थोरलीचं नाव माझ्या नणंदेनं ठेवलं होतं. सुनीता. आत्याच बाळाच्या कानात नाव सांगते, आणि कानात गेलं की ते ब्रह्मदेवालाही बदलता येत नाही. इकडे उत्तरेत, आलमबागच्या शाळेत गेल्यावर कळलं की त्या वर्गात आधीच दोन सुनीता आहेत. आमची झाली सुनीता नंबर तीन. घरी येऊन ती तसंच सांगायची, "मम्मी, मैं तीन नंबर हूँ," आणि मला वाटायचं रेशनच्या रांगेतून आलीय.

दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा आणीबाणी नुकतीच उठली होती. अकोल्याहून नणंद निघाल्याची तार आली. मला या पोरीचं नाव पूर्णा ठेवायचं होतं. पूर्णा म्हणजे माझ्या माहेरची नदी. गावाला वळसा घालून जाते. चौथीत बाईंनी नकाशात बोट ठेवून दाखवली होती, एवढीशी निळी रेघ. शाळा त्याच वर्षी सुटली, पण ती रेघ अजून डोळ्यांसमोर आहे. पूर्णा म्हणजे भरलेली, असं बाई म्हणाल्या होत्या. उन्हाळ्यात ती गुडघ्याएवढीच असायची, ते बाईंना मी सांगितलं नाही.

नणंद आली ती सामान खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "वहिनी, नाव मी पक्कं करूनच आणलंय. संगीता. सुनीता-संगीता. ऐकायला कसं वाटतं!"

यांनी पेपरातून डोकं न काढता सांगितलं, "तिच्या मनात पूर्णा आहे." ते सरकारी औषधांच्या प्रयोगशाळेत कामाला होते. घरी बोलणं फार नाही, पण खरं तेवढं बोलायचे.

"पूर्णा?" नणंद खुर्चीतच बसली. "अगं, दुसरी मुलगी, आणि नाव पूर्णा? देवानं ऐकलं तर म्हणेल, झालं पूर्ण, आता मुलगा नको यांना! आणि आहे का कुणाचं असं नाव?"

"नाही," मी म्हणाले.

"मग! नाव कसं, बाजारात चालणाऱ्या साबणासारखं असावं. चार घरांत असलं की भरवसा वाटतो."

मला यावर बोलायचं पुष्कळ होतं. मी आत जाऊन पोहे केले.

वरच्या मजल्यावरच्या चाचींना मात्र सगळं सांगितलं. चाचींचं माहेर मलिहाबादचं, आंब्याच्या बागेतलं. मोठ्या हाडाच्या बाई, लोणच्याच्या कैऱ्या सरोत्यानं, म्हणजे मोठ्या अडकित्त्यानं, फोडायच्या तर आवाज आमच्या खोलीत यायचा. त्या मला दुल्हन म्हणायच्या. दोन मुलींची आई झाले तरी दुल्हनच.

"तो नाम फूफी रखेगी और तुम देखती रहोगी?" चाची म्हणाल्या. फूफी म्हणजे आत्या.

"हमारे यहाँ ऐसा ही होता है, चाची."

मग मी त्यांना बारसं समजावलं. आत्या पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानात नाव सांगते, कुर्र करते आणि बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. चाचींना पहिल्यांदा हे बारसं आवडलं. "मारना भी है? ऐ दुल्हन, मारना कब है, ये तो बताओ।"

आमच्याकडे आधी नाव, मग धपाटे. हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी म्हणाले, "झुकते ही."

घरात सगळ्यांना मी आजवर हेच सांगत आले की माझं हिंदी कच्चं होतं. हिंदी कच्चं होतंच. पण 'झुकते ही' म्हणजे वाकताक्षणीच, हे मला नीट कळत होतं. हे इथे लिहून ठेवते, कारण ही वही कोणी वाचत नाही.

बारशाच्या दिवशी खोली भरली. एअरफोर्समधल्या दोन मराठी बायका होत्या, बाकी सगळी गल्ली. घुगऱ्यांचं पातेलं कोपऱ्यात, चाचींनी आणलेल्या दशहरी आंब्यांची टोपली शेजारी. हे दारात घड्याळ धरून उभे. पंचांगातला मुहूर्त सात मिनिटांचा होता आणि हे प्रयोगशाळेतल्यासारखे मोजत होते. "पाच मिनिटं राहिली."

नणंदेनं नवी पैठणी सावरली, बाळाला वरून खालून फिरवून पाळण्यात ठेवलं आणि वाकली. तिनं "सं" म्हणायला तोंड उघडलं असेल नसेल, चाचींचा पंजा पाठीत बसला. कैरी फोडणारा पंजा. मागोमाग गल्लीतल्या सगळ्या. चाचींनी सगळ्यांना शिकवूनच आणलं होतं.

"अहो, आधी नाव! आधी नाव!" एअरफोर्सवाल्या ओरडत होत्या. कोण ऐकतंय? नणंदेला ठसका लागला. ती भिंतीला टेकून खोकतेय, डोळ्यांतून पाणी, कोणी पाणी देतंय, कोणी आंबा पुढे करतंय.

"दोन मिनिटं," दारातून आवाज आला. "अगं, आटप. दीड."

नणंदेनं हातानं 'थांबा' केलं. आवाज फुटत नव्हता. पाळण्याजवळ मीच होते. पाच माणसांत मी कधी पाणी मागितलेलं नाही. पण पोरगी माझ्याकडे बघत होती आणि तिचा कान रिकामा होता. मी वाकले. "पूर्णा. पूर्णा. पूर्णा." तिसऱ्यांदा बहुतेक जरा मोठ्यानं झालं, कारण सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"झालं," यांनी घड्याळ खिशात घातलं. "वेळेत."

रीत ती रीत, म्हणून चाचींचा हात आता माझ्या पाठीवर आला. पण तो नुसता टेकला. "अल्लाह उम्र दे," त्या म्हणाल्या आणि घुगऱ्या मागू लागल्या.

नणंदेला ते नाव मान्य करावंच लागलं. कानात गेलेलं बदलत नाही हे तिनंच मला शिकवलं होतं. पत्रात मात्र दोन वर्षं 'धाकटीला आशीर्वाद' एवढंच यायचं.

मग मुलगा झाला. देवानं पूर्णा ऐकूनही दिला. नणंद परत आली. बारशाला पाळण्यापाशी गेली, खोलीभर नजर फिरवली आणि पहिल्याच रांगेत बाह्या सरसावून बसलेल्या चाची तिला दिसल्या.

तिनं मला जवळ बोलावलं. "वहिनी," ती कुजबुजली, "तुझ्या मनातलं नाव काय ते आधी सांग. मग मी वाकते."