हमीचं गाऱ्हाणं

माझा कागद खोताने हातात घेतला नाही. घरापुढच्या खळ्यात जमिनीवर ठेवायला लावला. सुनेला हाक मारून तांब्या मागवला, कागदावर पाणी शिंपडलं, मग चिमटीत उचलला. शाईपेनने लिहिलेलं माझं नाव तिथल्या तिथे फुटलं. शी!

ह्याच माणसाच्या कलमांचे आंबे माझा बाप उतरवायचा. एकेक हापूस आमच्या हातातून जायचा. तो चोखताना ह्याला तांब्या लागत नव्हता.

ऐंशीनंतरची गोष्ट. आम्ही देवगडकडच्या गावातले, महारवाड्यातले. मी कणकवलीला कॉलेज केलं, मग मुंबईत एम.एस्सी. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने मला घेतलं, फी माफ केली. राहण्याजेवण्याचं मी तिथेच काम करून भागवणार होतो. व्हिसावाल्यांना ते चालेना. खर्चाची हमी घेणारा ऐपतदार माणूस दाखवा म्हणाले, त्याची सही आणा. आमच्या गावात ऐपतदार एकच. खोती कायद्याने कधीच गेली होती, पण बागा आणि माज जागच्या जागी होता.

"झील अमेरिकेक जातलो रे?" खोताने बापाला विचारलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

"व्हय धनी. सही तेवढी व्हयी होती."

"करतंय. पण आधी देवाक गाऱ्हाणा घालूक व्हया. सोमवारी झीलाक घेवन देवळाकडे ये."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने केलेली मागणी. एकजण बोलतो, जमलेले सगळे दर मागणीला "व्हय म्हाराजा" म्हणतात. दुसरा शब्द त्यात नाहीच.

सोमवारी गाव जमलं. ते सगळे वर मंडपात, आम्ही बापलेक पायरीखाली उन्हात. खोताने नारळ ठेवला. माझा कागद त्याच्या खिशात. सही अजून व्हायचीच होती.

"बा देवा म्हाराजा, ह्यो तुझ्या पायरीखालचो म्हार आज माझ्या जीवार साता समुद्रापार जाता."

"व्हय म्हाराजा!"

"थंय जावन ह्येका माज येवक नको."

"व्हय म्हाराजा!"

"ह्येचो बाप माझ्या घराक राबलो, तशीच ह्येची पोरा राबांदेत."

"व्हय म्हाराजा!"

त्या आवाजांत माझ्या बापाचाही आवाज होता. हात जोडलेले, मान खाली. अरे, माझी पोरं? माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं, आणि ह्याने माझी पोरं कामाला लावून टाकली! देवाला साक्षी ठेवून! अंगावर पाल पडावी तसं झालं.

"ह्येच्या तोंडात काय आसा?" खोत ओरडला. "म्हण!"

मी म्हणालो, "नाय म्हाराजा."

देवळात असं कुणी कधी ऐकलंच नव्हतं. गुरव घंटेचा दोर धरून तसाच उभा. मी परत म्हणालो, मोठ्याने. "नाय म्हाराजा."

खोताने खिशातून कागद काढला, चुरगळला, पायरीखाली फेकला. आता मात्र त्याला पाणी शिंपडायची गरज पडली नाही.

परतताना बाप रडत होता. "पयली सही तरी घेवची रे. इतको शिकललंस, तेवढा तुका कळाक नाय?" मी त्याच्या मागून चालत राहिलो.

अमेरिका गेली. बापाचं बागेतलं कामही गेलं. वाईट वाटलं, खूप वाटलं, खोटं कशाला बोलू? पण किळस त्याहून जास्त होती, आणि ती कमी झालेली नाही. व्हायलाही नको.

आता देऊळ सगळ्यांना मोकळं आहे म्हणे. जत्रेला निरोप येतो, वर ये, मानाने उभा राहा. थू तुमच्या मानावर! जिथे माणसाला एकच शब्द बोलायची मुभा आहे, तिथे वर काय नि खाली काय? मी जात नाही. माझी पोरं कुणाच्या घराला राबत नाहीत, आणि राबणार नाहीत. त्यांच्या नावाने परत कुणी गाऱ्हाणं घालून बघावं. मी जिवंत आहे. पायरीखालून तेच उत्तर येईल.

नाय म्हाराजा.